चार अंशांचा फ्लास्क जास्त गढूळ का?

कोल्ड रूममधून फ्लास्क बाहेर आणून दिव्यासमोर धरले, तेव्हा माझा पहिला संशय लेबलांवर गेला. एकावर माझ्याच अक्षरात '४ अंश, स्थिर', दुसऱ्यावर '१४ अंश, स्थिर'. दोन्हींत जीवाणू एकच, माध्यम एकच, सुरुवातीला घातलेलं कल्चरही मोजून सारखंच. चौदा अंशांवरचा फ्लास्क अडीच दिवसांत वाढून थांबला होता, चार अंशांवरच्याला नऊ दिवस लागले. उशीर लागणार हे ठाऊकच होतं. पण नऊ दिवसांनी तो नुसता बरोबरीला आला नव्हता, चांगला पुढे गेला होता. चौदाच्या फ्लास्कमधून पलीकडची बोटं धूसर का होईना, दिसत होती. चारच्या फ्लास्कमधून काहीच दिसेना. ओडी, म्हणजे कल्चरचा गढूळपणा, मोजली. चौदाची ०.९, चारची १.६.

लेबलं बरोबर होती. मी वहीत लिहिलं, 'याला थंडी खरोखर मानवते, ४ अंशांवर पेशींचं पीक जवळपास दुप्पट,' आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मॅडमनी वही पाहिली, फ्लास्क पाहिले आणि एवढंच विचारलं, "हलवत होतीस का गं?"

हलवत नव्हते. कोल्ड रूममधला शेकर दुसऱ्या कुणाच्या कामात अडकला होता, म्हणून मी सगळे फ्लास्क फळीवर ठेवून दिले होते. "मग तू तापमान बदललंस की ऑक्सिजन, ते आधी ठरव," असं म्हणून त्या आपल्या कामाला लागल्या. त्या एका वाक्यावर माझे पुढचे चार महिने गेले. आज लिहायचंय ते त्याबद्दलच.

आधी हे जीवाणू कोण, ते सांगते. थंडीत जगून राहणं पुष्कळ जीवाणूंना जमतं. थंडीत वाढणं, म्हणजे अन्न घेणं, मोठं होणं आणि दुभंगून दोन होणं, ही वेगळी गोष्ट आहे. शून्य अंशाला वाढणाऱ्या जीवाणूंची नोंद फोर्स्टर यांनी १८८७ मध्ये केली. माशांवर वाढणारे, अंधारात चमकणारे जीवाणू होते ते. 'सायक्रोफाइल' हा शब्द १९०२ मध्ये श्मिट-निल्सन यांनी वापरात आणला. त्यानंतर सत्तर-एक वर्षं तो शब्द ज्याला जसा हवा तसा वापरला गेला, आणि १९७५ मध्ये रिचर्ड मोरिटा यांनी नीट रेघ आखली. ज्याची सर्वांत वेगवान वाढ १५ अंशांवर किंवा त्याखाली होते, जो २० अंशांच्या वर वाढत नाही आणि शून्याला किंवा त्याखाली वाढू शकतो, तो खरा शीतप्रिय. शून्याजवळ वाढतो खरा, पण २० अंशांच्या वरही मजेत असतो, तो शीतसहिष्णू. मला ही विभागणी फार उपयोगी वाटते, कारण शीतसहिष्णू जीवाणू सगळीकडे सापडतात आणि त्यांच्यावरचे निष्कर्ष बिनदिक्कत शीतप्रियांना लावले जातात.

माझा जीवाणू पहिल्या गटातला. मूळ समुद्री बर्फातला, ऑक्सिजनशिवाय अजिबात न वाढणारा. संग्रहातला त्याचा क्रमांक लांबलचक आहे, आम्ही त्याला नुसतं 'सत्तावीस' म्हणतो.

सत्तावीसबरोबर काम करताना हाताला वेगळंच वळण लागतं. पिपेटच्या टिप्स, पेट्री प्लेट, पातळ करायचं खारं पाणी, सगळं आदल्या रात्री कोल्ड रूममध्ये ठेवायचं. कोमट पिपेटमधून एकदा वर-खाली केलं तरी पेशी दगावतात. माध्यम घट्ट करणारं आगर ४५ अंशांवर वितळलेलं असताना त्यात कल्चर मिसळून प्लेट ओतायची नेहमीची पद्धत इथे चालतच नाही. समुद्राच्या पाण्यात शीतप्रिय जीवाणू फार नाहीत असं एके काळी वाटण्यामागे हेही एक कारण होतं: नमुना बोटीवर कोमट होई, प्रयोगशाळेत आणखी कोमट होई, आणि मोजायला उरत ते काटक शीतसहिष्णू. महासागराच्या एकूण पाण्यापैकी ९० टक्क्यांहून जास्त पाणी ५ अंशांपेक्षा थंड आहे, हे लक्षात घेतलं की ही चूक किती मोठी होती ते कळतं.

ओडी मोजण्यातही एक खाच आहे. थंड क्युव्हेट, म्हणजे मापासाठी द्रव ठेवायची छोटी पारदर्शक डबी, खोलीतल्या हवेत आणली की अर्ध्या मिनिटात बाहेरून दव धरतं. त्या दवामुळे प्रकाश अडतो आणि यंत्र ०.२ जास्त दाखवतं. पहिल्या महिन्यातली माझी चार अंशांची सगळी मापं यामुळे फुगलेली होती, ती मी खोडली. आता टिश्यूने पुसायचं, लगेच वाचायचं, परत पुसायचं, परत वाचायचं. दोन्ही आकडे जुळले तरच लिहायचं. वर दिलेले ०.९ आणि १.६ हे असे पुसून घेतलेले आकडे आहेत. तो फरक दवाचा नव्हता.

तापमानाचं काम तुलनेनं सरळ आहे. नीट हवा मिळत असताना सत्तावीसला दुप्पट व्हायला शून्य अंशाला २२ तास लागतात, ४ अंशांना १३, ८ अंशांना ८ आणि १२ अंशांना साडेपाच. वाढीच्या वेगाचं वर्गमूळ काढून तापमानासमोर मांडलं की हे बिंदू एका सरळ रेषेत बसतात. हा मेळ रॅटकोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवला, आणि इतक्या वेगवेगळ्या जीवाणूंना तो लागू पडतो की पहिल्यांदा स्वतःचे बिंदू रेषेवर बसताना बघून मला हरखून जायला झालं होतं. माझी रेषा मागे वाढवली तर उणे १२ अंशांच्या आसपास अक्षाला टेकते. प्रत्यक्षात तिथे वाढ मिळेलच असं नाही, तो रेषेचा काल्पनिक पाया आहे. पण शून्याखाली वाढणारे आहेत. अलास्काजवळच्या समुद्री बर्फातला सायक्रोमोनास इंग्राहामी उणे १२ अंशांवर वाढतो, एका दुपटीला २४० तास घेतो. कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या गोठलेल्या जमिनीतला प्लॅनोकॉकस हॅलोक्रायोफिलस उणे १५ अंशांवर, न गोठणाऱ्या खाऱ्या पाण्यात, सुमारे ५० दिवसांत एकदा दुभंगतो. हा प्लॅनोकॉकस मोरिटांच्या व्याख्येने शीतप्रिय नाहीच. त्याची सर्वांत वेगवान वाढ २५ अंशांना होते. थंडीचा उच्चांक एका शीतसहिष्णूच्या नावावर आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

गरम बाजूला मात्र ती रेषा नाही, कडा आहे. सत्तावीस १४ अंशांना थोडा रेषेखाली येतो, दुपटीला ५ तास घेतो. १७ ला तोच काळ परत ९ तासांवर जातो. १९ ला वाढ नाही. एका रात्री इन्क्युबेटरचं कूलिंग बंद पडलं आणि सकाळी काटा २६ वर होता. फ्लास्क उचलला तर आतलं माध्यम पातळ दिसत होतं, गढूळपणा गेलेला. तारेचं लूप बुडवून वर काढलं, तर मागे चिकट, चकचकीत धागा ओढला गेला. तो धागा म्हणजे फुटलेल्या पेशींमधून बाहेर आलेला डीएनए. २६ अंशांना आपण ऊबसुद्धा म्हणत नाही. या जीवाणूचं पेशीपटल तेवढ्यात गळायला लागतं आणि थंडीत चपळ राहण्यासाठी सैल घडवलेली विकरं उलगडून निकामी होतात.

म्हणजे तापमान वेग ठरवतं. मग पीक कोण ठरवतं?

मॅडमच्या प्रश्नानंतर मी प्रयोग दोनदा लावला. आधी पूर्वीसारखाच: २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १५० मिली माध्यम, काठोकाठ म्हणावं असं, आणि फळीवर स्थिर. यात या वेळी रेझाझ्युरिन टाकलं. हे रंगद्रव्य थेट ऑक्सिजन मोजत नाही, माध्यमाची रेडॉक्स अवस्था दाखवतं. पण ढोबळपणे सांगायचं तर ऑक्सिजन असेल तिथे गुलाबी राहतं, संपला की रंग जातो. चौदा अंशांच्या फ्लास्कचा रंग तिसाव्या तासाला तळापासून उडायला लागला. दुपारपर्यंत गुलाबी रंगाची फक्त एक कडी उरली, पृष्ठभागाला चिकटलेली, नखाएवढ्या जाडीची. तिच्याखाली सगळं पांढुरकं. फ्लास्क जरा कलता केला की कडी तिरकी होई आणि खाली गुलाबी धूर उतरल्यासारखा दिसे, मग तोही विरे. माझे जीवाणू जिथे होते तिथून ऑक्सिजन गेलेला होता आणि तो मला डोळ्यांनी दिसत होता.

चार अंशांचा फ्लास्क पाचव्या दिवशीही निम्म्यापर्यंत गुलाबी होता.

मग मी एक साधी गोष्ट केली, जी खरं तर पहिल्याच वेळी करायला हवी होती. अडीच दिवसांत 'थांबलेला' चौदा अंशांचा फ्लास्क घेतला, त्यातलं ५० मिली कल्चर रिकाम्या फ्लास्कमध्ये ओतलं आणि त्याच तापमानाला शेकरवर लावलं. दुसऱ्या दिवशी ओडी १.५. जीवाणू मेले नव्हते, अन्नही संपलं नव्हतं. श्वास अडला होता. वाढ इतकी मंदावली होती की मी तिला शेवट म्हणून नोंदवलं होतं.

आणि दुसरा प्रयोग, मोकळ्या हवेचा: २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये फक्त ५० मिली माध्यम, मिनिटाला १२० फेऱ्या. चार अंशांना शेवटची ओडी १.९, चौदा अंशांना १.८. दोन रेघा ओढून लिहिलेलं वाक्य तिथेच संपलं.

नंतर जुने अंक चाळताना कळलं की हे १९६३ मध्येच होऊन गेलंय. सिंक्लेअर आणि स्टोक्स यांनी शीतप्रेमी आणि नेहमीचे, दोन्ही प्रकारचे जीवाणू घेऊन दाखवलं होतं की कमी तापमानाला मिळणारं जास्त पीक हे ऑक्सिजनच्या उपलब्धतेमुळे असतं. पुरेसा ऑक्सिजन दिला की फरक उरत नाही. साठ वर्षांपूर्वीचा तो चार पानांचा लेख मी आता नव्या येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला देते.

पण 'थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो' एवढ्यावर सोडून द्यायला मला आवडत नाही. ते खरं आहे, पण त्यातून निम्मीच गोष्ट कळते. गोड्या पाण्यात हवेखाली १४ अंशांना लिटरमागे १०.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ४ अंशांना १३.१. खाऱ्या पाण्यात दोन्ही आकडे सुमारे एक पंचमांशाने उतरतात, प्रमाण तेच राहतं. म्हणजे वाढ झाली पाव पटीची. त्याच वेळी थंड पाणी जास्त दाट होतं आणि त्यातून ऑक्सिजनचा रेणू हळू सरकतो. १४ वरून ४ अंशांवर येताना त्याचा पसरण्याचा वेगही पाव भागाने, किंचित जास्तच, घटतो. पाण्यातले हलके प्रवाह बाजूला ठेवले तर पृष्ठभागातून खाली उतरणारा पुरवठा दोन्ही फ्लास्कमध्ये जवळपास सारखाच राहतो. खरा फरक मागणीचा आहे. दुपटीचा काळ ५ तासांवरून १३ तासांवर गेला म्हणजे दर तासाला लागणारा ऑक्सिजनही साधारण त्याच पटीत खाली आला. पुरवठा तेवढाच, मागणी निम्म्याहून कमी. चारच्या फ्लास्कमधले जीवाणू हळू श्वास घेत होते, म्हणून हवा पुरली.

हे लक्षात आल्यापासून मला 'तापमानाचा परिणाम' असं शीर्षक असलेला कुठलाही आलेख पाहिला की आधी पद्धतीचा परिच्छेद उघडावासा वाटतो. फ्लास्क किती भरला होता? हलवला होता का? किती फेऱ्या? ही माहिती नसेल तर तो आलेख कशाचा आहे हेच सांगता येत नाही. तापमानाचं बटण एकटं फिरतच नाही, त्याला ऑक्सिजनचं बटण बांधलेलं आहे.

मोजणारं यंत्रही इथे फसवू शकतं. विरघळलेल्या ऑक्सिजनचा प्रोब बहुतेक वेळा टक्के दाखवतो, त्या तापमानाला हवेशी संतुलन झालं की शंभर. ४ अंशांना १०० आणि १४ अंशांना १००, दोन्हीकडे पडद्यावर तोच आकडा. मिलिग्रॅममध्ये मात्र पावपट फरक. शिवाय एका तापमानाला प्रमाणित केलेला प्रोब तसाच दुसऱ्या तापमानात बुडवला तर सगळंच चुकतं. मी प्रत्येक तापमानाला वेगळं प्रमाणीकरण करते आणि वहीत टक्के आणि मिलिग्रॅम दोन्ही लिहिते, वेळ लागला तरी.

यानंतर साहजिकच वाटलं की ऑक्सिजन जितका जास्त तितकं भलं. चार अंशांच्या नव्या फ्लास्कमध्ये अगदी थोडं कल्चर टाकलं आणि पहिल्या तासापासून हवेचे बुडबुडे सोडले. पाच दिवस काहीच नाही. सहा, सात. आठव्या दिवशी कुठे किंचित ढगाळ. त्याच्याच शेजारी, बुडबुडे नसलेल्या फ्लास्कमध्ये तेवढंच कल्चर चौथ्या दिवशी दिसू लागलं होतं. भरपूर पेशी टाकून बुडबुडे सोडले तर मात्र काहीच अडत नव्हतं.

ऑक्सिजन श्वासासाठी लागतो आणि तोच पेशीत सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो. थंडीत विरघळलेला ऑक्सिजन जास्त, आणि ही विषं निवारणाऱ्या विकरांसकट पेशीचं सगळं काम मंद. दाट वस्तीत हजारो पेशी मिळून पेरॉक्साइडचा फडशा पाडतात. एकट्यादुकट्या पेशीला तो आपला आपण निस्तरावा लागतो. हे तपासायला मी माध्यमात थोडं सोडियम पायरुव्हेट घातलं, कारण पायरुव्हेट पेरॉक्साइडशी थेट अभिक्रिया करून ते संपवतं. बुडबुड्यांच्या फ्लास्कची वाढ चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू झाली. प्लेटवरही तेच दिसलं, पायरुव्हेट असलेल्या प्लेटवर वसाहती जास्त आल्या. ही अडचण आपण स्वतःही ओढवून घेतो: फॉस्फेट आणि आगर एकत्र ऑटोक्लेव्ह केलं तर माध्यमातच पेरॉक्साइड तयार होतं. तेव्हापासून मी दोन्ही वेगवेगळे निर्जंतुक करून मग मिसळते. एक जास्तीची बाटली धुवावी लागते, पण सत्तावीसच्या मोजणीत तिचा फरक दिसतो.

निसर्गाने यावर काढलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात सापडलेल्या स्यूडोअल्टेरोमोनास हॅलोप्लँक्टिस टीएसी १२५ या जीवाणूचा जनुकसंच २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या रासायनिक वाटांवर मॉलिब्डेनमचा सहघटक लागतो आणि ज्यांतून घातक ऑक्सिजन-रूपं तयार होतात, त्या वाटा त्याने सरसकट सोडून दिलेल्या आढळल्या. शिवाय ऑक्सिजनचा रेणू थेट वापरून टाकणारी विकरं भरपूर. धोका निर्माण झाल्यावर निस्तरण्यापेक्षा तो निर्माणच होऊ न देणं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

तापमान आणि ऑक्सिजन यांची आणखी एक गाठ आहे, ती पेशीपटलात. गारठ्यात पटल घट्ट होतं, त्यातली वाहतूक अडते. ते सैल ठेवण्यासाठी जीवाणू मेदाम्लांमध्ये दुहेरी बंध घालतात, म्हणजे साखळीला बाक येतो आणि ती शेजारणीला घट्ट चिकटत नाही. आता हा दुहेरी बंध घालण्याची एक वाट अशी, की तयार साखळीत डिसॅच्युरेज नावाचं विकर तो कापून बसवतं, आणि त्यासाठी ऑक्सिजनचा रेणूच लागतो. बॅसिलस सबटिलिसमध्ये तर डेस-के नावाचं प्रथिन पटलातूनच गारठा ओळखतं आणि डिसॅच्युरेजच्या जनुकाला जागं करतं. पण ऑक्सिजन नसेल तर विकर असून उपयोग नाही. दुसरी वाट साखळी घडत असतानाच बंध ठेवण्याची, तिला ऑक्सिजन लागत नाही. खोल समुद्रातले आणि बर्फातले कित्येक जीवाणू याहून पुढे गेलेत. मोरिटेला मरिना डीएचए बनवतो, काही शेवानेला ईपीए, आणि पाच-सहा दुहेरी बंधांची ही लांब मेदाम्लं ते ऑक्सिजनविना जुळवतात. म्हणजे कोणता जीवाणू कोणत्या थंडीला टिकेल, हे कधी कधी त्याच्या हाताशी ऑक्सिजन आहे की नाही यावर ठरतं. याची नीट मोजणी सत्तावीसवर करायची माझी फार इच्छा आहे. स्थिर आणि हलत्या फ्लास्कमधल्या पेशींची मेदाम्लं शेजारी शेजारी ठेवून.

ऑक्सिजनशिवायच राहणारे शीतप्रियही आहेत, आणि ते कमी नाहीत. स्वालबार्डजवळच्या समुद्रतळाच्या गाळातून १९९० च्या दशकात सल्फेटवर श्वसन करणारे जीवाणू वेगळे केले गेले. त्यांपैकी डेसल्फोटालिया सायक्रोफिला उणे १.८ अंशांनाही वाढतो. ते तापमान म्हणजे समुद्राचं पाणी गोठण्याच्या अगदी काठावरचं. ऑक्सिजनची चैन नाही, थंडीही एवढी, आणि तरी त्या गाळात वर्षभर काम चालू असतं. या मंडळींना वाढवायला लागणारा हातखंडा माझ्याकडे नाही, जे ते करतात त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे.

समुद्री बर्फाचा विचार केला की मात्र दोन्ही टोकं एकाच घनात दिसतात. पाणी गोठताना मीठ आणि विरघळलेले वायू बाहेर ढकलले जातात, बर्फात खाऱ्या पाण्याचे बारीक कप्पे आणि नळ्या उरतात. वसंतात त्यांत शेवाळं वाढली की प्रकाशसंश्लेषणाने काही कप्प्यांमध्ये हवेशी संतुलनात असतो त्याहून कितीतरी जास्त ऑक्सिजन साठतो. आणि जिथे जीवाणूंचं श्वसन जास्त, उजेड कमी, तिथे तो संपूनही जातो. समुद्री बर्फात नायट्रेटवर श्वसन करणाऱ्या, म्हणजे ऑक्सिजन नसल्याची खूण देणाऱ्या जीवाणूंचं काम मोजलं गेलंय. तापमान एकच, अंतर बोटभर, आणि ऑक्सिजन दोन टोकांना. माझा सत्तावीस अशाच कुठल्या तरी कप्प्यातून आला असणार. तेव्हा त्याला फळीवरचा बंद फ्लास्कही नवा नसावा, बुडबुड्यांचा फ्लास्कही नसावा.

या सगळ्यात माझा सर्वांत आवडता जीवाणू मात्र दुसराच आहे. अंटार्क्टिकातल्या एस लेक या तळ्यात मॅरिनोमोनास प्रिमोरिएन्सिस राहतो. तळ्यावर वर्षाचा बराच काळ बर्फाचं झाकण असतं, आणि खोल थरांमध्ये ऑक्सिजन अजिबात नाही. या जीवाणूला ऑक्सिजन लागतोच. त्याच्याजवळ एक प्रचंड मोठं प्रथिन आहे, सुमारे ६०० नॅनोमीटर लांब, म्हणजे पेशीच्या लांबीशी तुलना करावी इतकं. त्याचं एक टोक पेशीपटलात रुतलेलं, आणि दुसऱ्या टोकाजवळचा एक छोटा भाग बर्फाला धरतो. आधी हे गोठण रोखणारं प्रथिन म्हणून ओळखलं गेलं होतं, आता त्याचं काम पकडून ठेवण्याचं मानतात. हा जीवाणू बर्फाच्या खालच्या बाजूला लोंबकळून राहतो, म्हणजे प्रकाशाजवळ, शेवाळांजवळ आणि ऑक्सिजन असलेल्या थरात. बर्फ इतरांना मारतो, याने त्याला हात धरण्याजोगी कडा करून घेतली. रेझाझ्युरिनची ती गुलाबी कडी पाहिली तेव्हा मला हाच आठवला होता.

सध्या कोल्ड रूममध्ये दोन लिटरचं पात्र लागलंय, चार अंश, मंद ढवळणी, आत प्रोब. सुरुवातीचे पाच दिवस हवा फक्त वरून दिली, पेशी दाट झाल्यावर बुडबुडे सुरू केले. ऑक्सिजनची रेषा रोज थोडी थोडी खाली येत गेली. नवव्या दिवशी लिटरमागे ३ मिलिग्रॅमवर होती, म्हणून ढवळणी किंचित वाढवली. काल अकरावा दिवस. दुपारी साडेतीनला रेषा एकदम वर चढायला लागली, वीस मिनिटांत ८ वर. मी आधी प्रोब तपासला, तो ठीक होता, म्हणजे अन्न संपून श्वास मंदावला असावा. मग दहा मिली ग्लुकोज सोडलं आणि स्वेटरच्या बाह्या ओढून पडद्यासमोर उभी राहिले. चार मिनिटं रेषा जागच्या जागी राहिली आणि मग खाली वळली.